बारा खेड्यांची मोट
(नागपूरच्या नगरसंस्थेचा इतिहास, लकडगंजच्या बाजूने)

१८६४ साली नागपुरात दोन गोष्टी घडल्या. महालातला भोसल्यांचा जुना राजवाडा आगीत गेला आणि शहराला नगरपालिका मिळाली. काळ्या दगडाचा आणि लाकडी कोरीवकामाने भरलेला तो वाडा होता. आग विझल्यावर मोठा दरवाजा आणि नगारखाना तेवढा उरला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. योगायोगाने एका वर्षात आल्या इतकेच. पण राजाचे शहर कुठे संपले आणि रहिवाशांचे कुठे सुरू झाले हे दाखवायला यापेक्षा सोयीचे साल सापडणार नाही.

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे आधी फेटा-मिशांसह संस्थापकाचा फोटो आणि खाली जन्म-मृत्यूची साले. नगरपालिकेच्या बाबतीत ही सोय नाही. तिला संस्थापक नाही, तिला कायदा आहे. मध्य प्रांत १८६१ मध्ये तयार झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि पाठोपाठ रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर म्हणून आले. राजधानीचे गाव झाडायला, दिवे लावायला आणि पाणी पुरवायला कोणीतरी हवे होते. सरकारला तो खर्च स्वतःच्या तिजोरीतून करायचा नव्हता, म्हणून गावातल्या प्रतिष्ठितांना गोळा करून नगरपालिका केली. तिची हद्द साधारण साडेपंधरा चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या ८२ हजार. कामे तीन: झाडलोट, दिवाबत्ती, पाणी. आज दीडशेहून अधिक वर्षांनी वॉर्डातल्या कुठल्याही बैठकीत जाऊन बसा, तक्रारी याच तीन कामांच्या असतात.

मात्र ज्या गावासाठी ही संस्था काढली ते गाव कधी वसले, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देताना आपण नागपूरकर जरा घाई करतो. बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले, असे म्हणून मोकळे होतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा ताम्रपट मिळाला, तो इसवी सन ९४० चा. त्यात दान दिलेले गाव ‘नागपूर-नंदिवर्धन’ या विषयात, म्हणजे त्या काळच्या जिल्ह्यात, असल्याचे सांगितले आहे. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. म्हणजे हे नाव या मुलखात हजार वर्षांहून जुने आहे. पुढे १६३७ मध्ये शहाजहानचा सरदार खान-ए-दौरान खंडणीसाठी देवगडच्या गोंड राजावर चालून आला तेव्हा त्याने वेढा घातला तो नागपूरच्याच किल्ल्याला. बख्त बुलंदाच्या आधी इथे किल्ला होता आणि वस्तीही होती. नव्हते ते शहर.

देवगड आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात, सातपुड्याच्या अंगावर. तिथला जाटबा हा गोंड राजा अकबराच्या काळातला. आईन-ए-अकबरीत त्याची नोंद आहे. त्याच घराण्यातला बख्त बुलंद गादीच्या भांडणात मदत मागायला औरंगजेबाकडे गेला, तिथे त्याने इस्लाम स्वीकारला आणि १६८६ मध्ये ही पदवी घेऊन परतला. पुढे दोघांचे बिनसले. बादशहाने त्याला पदच्युत केले, त्याने बंड केले आणि बादशहाचा संताप असा की यापुढे या माणसाला बुलंदबख्त नव्हे, निगूनबख्त, म्हणजे फुटक्या नशिबाचा, म्हणावे असे फर्मान निघाले. नागपूर शहर वसले ते या बंडाच्या काळात. आपल्या शहराचा संस्थापक दिल्लीच्या दप्तरी बंडखोर होता, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही.

त्याने केले काय? डोंगरातून खाली उतरून मैदानाकडे पाहिले. सातपुड्यातला किल्ला लपायला चांगला, पण महसूल कापसाच्या काळ्या जमिनीतून येतो. नाग नदीच्या काठी विखुरलेली बारा लहान खेडी होती, त्यांना मिळून राजापूर बारसा म्हणत. ही खेडी त्याने रस्त्यांनी जोडली, भोवती कोट घालायला घेतला आणि त्याला नागपूर म्हटले. यादीत नेहमी सांगितली जाणारी नावे वाचली तर अर्धे शहर डोळ्यांपुढे येते: सीताबर्डी, सक्करदरा, फुटाळा, लेंढरा, भानखेडा, हिवरी. हिवरी म्हणजे आमच्या लकडगंजच्या शेजारचे हिवरीनगर. तिथल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या किती जणांना आपण शहराच्या मूळ बारा घरांपैकी एकात राहतो हे ठाऊक असेल, कोण जाणे.

सर रिचर्ड जेंकिन्स या इंग्रज रेसिडेंटाने १८२७ मध्ये नागपूरच्या राज्याविषयी मोठा अहवाल छापला. गोंडांविषयी त्याला विशेष प्रेम असण्याचे कारण नव्हते. तरी त्याने नोंदवले आहे की बख्त बुलंदाने हिंदू-मुसलमान असा भेद न करता लायक माणसे कामावर घेतली, चहूकडचे कष्टाळू शेतकरी आणि कारागीर गोंडवनात आणून वसवले आणि पुढच्या मराठी राज्याला जे यश आले त्याचा पाया बराचसा त्यानेच घातलेला होता. या. मा. काळे यांच्या १९३४ सालच्या ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ या ग्रंथानंतर तरी मराठी वाचकाला हा काळ अपरिचित राहायला नको होता. पण आपल्या मनातला नागपूरचा इतिहास रघूजी भोसल्यांच्या घोड्यावरून सुरू होतो आणि गोंड राजा सिव्हिल लाइन्समधल्या पुतळ्यापुरता उरतो. नगरसंस्थेच्या इतिहासात तरी ही चूक नको. विखुरलेल्या वाड्यांची मोट बांधून एक गाव करणे, हेच नगरसंस्थेचे मूळ काम आहे आणि ते इथे पहिल्यांदा एका गोंडाने केले.

जगात इतरत्र हे काम कसे झाले तेही पाहण्यासारखे आहे. फिलिपिन्समध्ये सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक आले तेव्हा तिथेही नदीकाठी, किनाऱ्याला पाड्या-पाड्यांनी माणसे राहत होती. मिशनऱ्यांनी ती चर्चच्या घंटेच्या आवाजाच्या टप्प्यात आणून बसवली. मध्ये चौक, एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला कचेरी आणि भोवती काटकोनात रस्ते. कसे आखायचे याचे नियम राजा दुसऱ्या फिलिपने १५७३ मध्येच घालून दिले होते. म्हणून तिथल्या लहानशा तालुक्याच्या गावालाही स्थापनेचे साल असते, रक्षणकर्ता संत असतो आणि त्याच्या नावाची जत्रा भरते. आपल्याकडे बारा खेडी जोडली, पण त्यांना हलवले नाही. हिवरी हिवरीतच राहिली, सक्करदरा सक्करदऱ्यात. त्यामुळे नागपूरला आखीव मध्यभाग कधी मिळालाच नाही. महालातून इतवारीत जाणाऱ्या गल्ल्या ज्याने सायकलने पार केल्या आहेत त्याला हे वेगळे सांगायला नको.

बख्त बुलंदानंतर चांद सुलतानाने देवगड सोडून नागपूरलाच राजधानी केली, कोट पुरा केला आणि जुम्मा तलाव बांधला. त्या कोटाचा जुम्मा दरवाजा म्हणजे आजचा गांधी गेट. चांद सुलतान १७३९ च्या सुमारास वारला, वारसांत तंटा लागला, त्याच्या राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले आणि मदतीला आलेला पाहुणा चार-पाच वर्षांत घरमालक झाला. गोंड राजाला मात्र रघूजींनी हाकलले नाही. किल्ला, मान आणि नेमणूक देऊन नागपुरातच ठेवले.

भोसल्यांच्या काळात शहर पेठांनी वाढले. वारांची नावे मिरवणाऱ्या इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी या वस्त्या आजही तशाच आहेत. त्यातली इतवारी सर्वांत पूर्वेची आणि सर्वांत श्रीमंत. धान्य, सोने, सूत, किराणा, सगळे तिथे. कोष्टी आणि हलबांचे माग तिच्या आसपास चालत. १७६५ मध्ये पेशवे आणि निजामाच्या फौजांनी शहराचा काही भाग जाळला, १८११ मध्ये पेंढाऱ्यांनी. तरी बाजार मोडला नाही. इतवारीच्या पुढे शेते, मग पारडी, पुनापूर, भरतवाडा ही खेडी आणि भंडाऱ्याचा रस्ता. लकडगंज या इतवारीच्या पाठीला लागून आहे.

पूर्व हा शब्द नागपुरात नुसती दिशा सांगत नाही. जमीन पश्चिमेला उंच आहे, पूर्वेला उतरती. नाग नदी अंबाझरीकडून निघते, सगळे शहर ओलांडून पूर्वेला बाहेर पडते. त्यामुळे पश्चिमेला स्वच्छ पाणी आणि मोठी आवारे, पूर्वेला वापरलेले पाणी आणि दाट वस्ती, ही वाटणी निसर्गाने अर्धी केली. उरलेली अर्धी इंग्रजांनी केली. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला. त्यानंतर टेकडीच्या पश्चिमेला छावणी आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, दत्तक नामंजूर झाला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे आली, तिचे रूळ टेकडीजवळूनच उत्तर-दक्षिण गेले. रुळांच्या पलीकडे सिव्हिल लाइन्स, अलीकडे ‘शहर’. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात तिरंगा घेऊन शहरातून निघालेल्या मिरवणुका सिव्हिल लाइन्सच्या हद्दीवर अडवल्या जात, ते याच रेषेवर. जमनालाल बजाज आत गेले, मग वल्लभभाई पटेलांनी येऊन सूत्रे हातात घेतली. देशभरातून लोक आले ते एक झेंडा शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात नेण्यासाठी.

या दोन भागांना एका वहीत बांधणारी एकच संस्था होती, नगरपालिका. तिची वही चुंगीवर चालत असे. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर जकात घ्यायची आणि त्यातून झाडू, कंदील आणि नळ चालवायचे. भंडारा रोडवरचा जुना पारडी नाका हे नाव अजून टिकून आहे. चुंगी मात्र २०१३ मध्ये गेली, तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, दोन वर्षांत तोही जवळजवळ गेला आणि आता महापालिका वरून येणाऱ्या अनुदानाकडे डोळे लावून असते. चुंगी भ्रष्ट होती, वाहतूक तुंबवत होती, सगळे खरे. पण तिच्यामुळे शहराला स्वतःच्या व्यापाराची नाडी कळत होती. एखाद्या महिन्यात लाकूड किती आले, धान्य किती आले, हे नाक्यावरच्या कारकुनाला अर्थशास्त्रज्ञाच्या आधी कळे.

सर गंगाधरराव चिटणवीस अनेक वर्षे या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. भोसल्यांच्या दरबारी चिटणवीसांचे घराणे, इंग्रजांचा ‘सर’ हा किताब आणि लोकनियुक्त संस्थेचे अध्यक्षपद, असे तीन काळ एका माणसात जमा झाले होते. दरम्यान १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि खेड्यांतून माणसे येऊ लागली. १९०१ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या १,२७,७३४ भरली.

लकडगंजचा खरा जन्म मात्र रेल्वेच्या दुसऱ्या टोकाशी आहे. मुंबईची लाइन कापूस न्यायला आली होती. पूर्वेची लाइन जंगलात गेली. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० मध्ये तुमसरपर्यंत आणि १८८२ मध्ये राजनांदगावपर्यंत पोहोचली, मीटर गेजवर. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती घेतली, रुंद केली आणि पुढे कलकत्त्याला नेऊन भिडवली. मग इतवारीहून छोट्या लाइनी निघाल्या: १९०८ मध्ये उमरेड, भिवापूर करत नागभीडची, १९१३ मध्ये सौंसरवरून छिंदवाड्याची. नकाशावर पाहिले तर या लाइनींची टोके सागवानाच्या जंगलांत शिरलेली दिसतात. चांद्याचा आलापल्लीकडचा सागवान, भंडारा-बालाघाटचा, शिवनीचा, बैतूलचा; या सगळ्यांची सर्वांत जवळची मोठी बाजारपेठ नागपूर. आणि नागपुरात इतवारी स्टेशनाजवळची मोकळी, सखल, स्वस्त जमीन म्हणजे लकडगंजची. लाकडाला जागा लागते. ओंडके महिनोनमहिने उघड्यावर पडून वाळायचे असतात. इतवारीच्या गल्ल्यांत सोने मावते, सागवान मावत नाही.

हे फर्मानाने झाले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. टालवाले, म्हणजे लाकडाच्या वखारीवाले, आले, त्यांच्यामागे आरा मशीनवाले आले. कच्छ-गुजरातकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी हा धंदा विशेष जम बसवून केला. देशात कुठेही लाकडाच्या बाजारात गेलात तर कच्छी पाटीदार भेटतोच, तसा तो इथेही भेटतो. सुतार, पॉलिशवाले, हमाल, बंडीवाले आले. लकडगंजच्या नवरात्रात गरब्याला जी गर्दी लोटते ती या स्थलांतराची आठवणच आहे, फक्त गरबा खेळणाऱ्यांत आता निम्मे कुणबी आणि तेली घरांतले असतात.

टालीवर लाकूड कसे विकले जाते ते एकदा पाहावे. जंगलातून निघालेल्या प्रत्येक ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा असतो, सोबत वाहतूक परवाना. ठसा नसलेला माल घेतला तर टाल सील होऊ शकते. मग मोजणी. ओंडक्याच्या मध्यावर दोरीने किंवा टेपने घेर घेतात, घेराचा चौथा हिस्सा काढतात, त्याचा वर्ग करून लांबीने गुणतात आणि येतील ते घनफूट. गणिताच्या मास्तराला ही रीत चुकीची वाटेल, कारण गोल लाकडाच्या खऱ्या आकारमानाच्या सुमारे ७८ टक्केच उत्तर येते. पण उरलेले बावीस टक्के साल, ढलप्या आणि भुसा यांचे आहेत, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते आणि देणाऱ्यालाही. धंद्याने स्वतःची भूमिती केली, ती दोन्ही बाजूंना मान्य आहे. ओंडका आरा मशीनवर चढला की पट्टीची धार आणि मिस्त्रीची नजर यांच्यावर सगळे. एका ओंडक्यातून चौकटी किती, फळ्या किती आणि पाट्या किती काढायच्या हे तो कागदावर न लिहिता ठरवतो. भुसा पोत्यांत भरून विकला जातो, ढलप्या जळणाला जातात. काही वाया जात नाही, धूळ तेवढी फुफ्फुसात जाते.

शहराची आखणी कशी करावी यावर नागपूरला एक मोठा सल्ला मिळाला होता. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडेस यांनी नगरपालिकेसाठी अहवाल लिहिला, तो १९१७ मध्ये छापला गेला. गेडेस यांचे भारतातले सगळे लेखन एकाच आग्रहाचे आहे: जुनी वस्ती पाडून सरळ रस्ता काढू नका, गल्लीत फिरा, मोडकी घरे तेवढी काढा, मोकळ्या झालेल्या जागेत विहीर, झाड आणि पार ठेवा. नागपूरने तो अहवाल छापला आणि फडताळात ठेवला.

पुढे वेगळा मार्ग धरला गेला. १९३६ मध्ये नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी प्रन्यास कामाला लागला. नगरपालिका निवडून आलेली, प्रन्यास नेमलेला. एका शहराला दोन मालक मिळाले आणि त्यांच्यातली कुरबुर अजून मिटलेली नाही. मध्यंतरी प्रन्यास बरखास्त करण्याचा सरकारी निर्णय झाला, मग तोही फिरवला गेला. प्रन्यासाने दाट वस्तीतून सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू काढला, रेल्वे स्टेशनापासून थेट पूर्वेला. नागपूरकर त्याला सी. ए. रोड म्हणतात. गेडेस यांना तो आवडला नसता. पण लकडगंजच्या बाजूने बोलायचे तर या रस्त्याने आम्हाला शहरात आणले. त्याच्या आधी इथून स्टेशनाला जायचे म्हणजे इतवारीच्या बाजारातून वाट काढत जायचे. रस्ता झाला आणि त्याच्या दोन्ही अंगांना प्रन्यासाच्या योजना आल्या: लहान कारखान्यांचे क्षेत्र, बगडगंज, देशपांडे लेआउट, वर्धमाननगर. क्वेटा कॉलनी बलुचिस्तानातल्या शहराचे नाव घेऊन बसली. भूखंड तीस वर्षांच्या लीजवर. लीज संपले की प्रन्यासाच्या कचेरीत खेटे. पूर्व नागपुरातल्या कुठल्याही घरात देव्हाऱ्याजवळच्या कपाटात एक जुनी प्लास्टिकची पिशवी असते, तिच्यात लीज डीड, डिमांड नोट आणि घरटॅक्सच्या पावत्या. घरातला कर्ता गेला की आधी ती पिशवी शोधतात.

माझ्या मते नागपूरची दुसरी स्थापना प्रन्यासाने केली, आणि ती बख्त बुलंदाच्या पद्धतीची उलटी होती. त्याने असलेली गावे जोडली. प्रन्यासाने आधी रेषा मारल्या आणि मग त्या रेषांत माणसे आली. लकडगंज मात्र दोन्हीत मोडते. इथे टाली आणि आरा मशीनच्या धंद्याने जागा धरली आणि योजनेने त्याच धंद्याभोवती रस्ते, चौक आणि प्लॉट घातले. त्यामुळे इथले रस्ते इतवारीपेक्षा रुंद आहेत आणि तरी दुपारी दोन वाजता त्यांच्यावर लाकडाचा ट्रक आडवा लागलेला असतो.

२ मार्च १९५१ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. बॅरिस्टर शेषराव वानखेडे पहिले महापौर. मुंबईचे क्रिकेट स्टेडियम ज्यांच्या नावाचे तेच. पुढची पाच वर्षे नागपूर एका मोठ्या राज्याची राजधानी म्हणून जगले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानीपण संपले. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने दिलेल्या आश्वासनातले हिवाळी अधिवेशन १९६० पासून भरू लागले. सचिवालय गेल्याचा फटका पश्चिमेला बसला. बंगले रिकामे झाले. लकडगंजला त्याची झळ कमी लागली, कारण आमच्याकडे सरकारी नोकर थोडे आणि दुकानदार फार. राजधानी असो वा नसो, दारे-खिडक्या लागतातच.

धंद्याला खरा धक्का बसला तो दिल्लीहून. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला: कार्ययोजना मंजूर नसेल तर जंगलात तोड नाही. पाठोपाठ आरा मशीनच्या परवान्यांवर बंधने आली. जंगलाच्या दृष्टीने हे व्हायलाच हवे होते, आणि लकडगंजचा कुठलाही समजूतदार टालवाला खासगीत ते कबूल करतो. पण त्यानंतर इथल्या टालींवर कांडला बंदरातून आलेले परदेशी लाकूड दिसू लागले. आलापल्लीपासून काही तासांच्या अंतरावर बसून आफ्रिकेचा सागवान विकायचा, असा हा उलटा प्रवास. शेजारी प्लायवूड, लॅमिनेट आणि हार्डवेअरची दुकाने उघडली, आणि टालवाल्याचा मुलगा बहुधा त्यांपैकी एकात बसतो.

महापालिकेच्या दहा झोनपैकी लकडगंज आठवा. झोन कार्यालय, पोलीस ठाणे, अग्निशमन केंद्र, सगळे आले. यातले अग्निशमन केंद्र इथे नुसते नावाला नाही. उन्हाळ्यात वाळलेला भुसा आणि वेल्डिंगची एक ठिणगी पुरते. मग टाल रात्रभर जळते आणि पाण्याचे बंब पहाटेपर्यंत फेऱ्या मारतात. जिथे शंभर वर्षे लाकूड रचून ठेवले आहे तिथे संस्थेची परीक्षा उद्घाटनांनी होत नाही, बंब किती मिनिटांत आला यावर होते.

पूर्वेच्या वाट्याला आलेल्या आणखी काही गोष्टी या इतिहासात नोंदवल्या पाहिजेत, कारण गौरवग्रंथांत त्या गाळल्या जातात. शहराचा कचरा भांडेवाडीला येतो. इतवारीतला धान्य आणि भाजीचा ठोक बाजार कळमन्याला आला. शहराचे सांडपाणी उतारानेच आमच्याकडे येते. आता ते भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते. अख्ख्या शहराने वापरलेल्या पाण्यावर वीज तयार होते आणि ती पुन्हा शहराला मिळते, हे काम देशातल्या फार थोड्या महापालिकांनी केले आहे. त्याचे श्रेय नागपूरला मिळते, वास पूर्वेला. ११ डिसेंबर २०२२ रोजी मेट्रो सी. ए. रोडवरून प्रजापतीनगरपर्यंत आली. डॉ. आंबेडकर चौकाच्या स्टेशनावरून खाली पाहिले की एका बाजूला काचेची शोरूम दिसतात आणि मागच्या गल्लीत ओंडक्यांच्या राशी.

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४,०५,६६५ होती, आणि हुडकेश्वर-नरसाळा आल्यावर हद्द सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. साडेपंधरावरून इथपर्यंत. दरम्यान शहराच्या कडेने शेतमालकांनी परस्पर लेआउट पाडून प्लॉट विकले. रस्ता नाही, नाली नाही, सातबाऱ्यावर शेती आणि वर तीन मजली घर. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने ते नियमित करायला घेतले, म्हणून ‘५७२ लेआउट’ आणि ‘१९०० लेआउट’ हे शब्द नागपूरच्या राजकारणात निवडणुकीच्या चिन्हांइतके ओळखीचे झाले. यातले कितीतरी लेआउट वाठोडा, पारडी, कळमना या पट्ट्यातले. नंतर स्मार्ट सिटीसाठी निवडलेला सुमारे १,७३० एकरांचा भागही पारडी, पुनापूर, भरतवाडा आणि भांडेवाडीचा. नकाशे पुन्हा पसरले गेले, कुणाचे घर रस्त्यात येते आणि कुणाचे वाचते यावर बैठका झाल्या, आक्षेप घेतले गेले. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसला, तेव्हा या बैठकांना नगरसेवकही उरला नाही. पारडीचा माणूस आपली पिशवी घेऊन झोन कार्यालयाच्या जिन्यावर उभा होता आणि खेडे शहरात घेताना आधी काय करायचे, रस्ता की कर, हे त्याला तिथला कारकून समजावून सांगत होता.